रॅम्प दिलात, आता फुटपाथची कडही उतरवून द्या: हायवेज विभागाला खुले पत्र

प्रति,
हायवेज विभागाचे प्रमुख, तसेच रस्ते व वाहतूक खाते सांभाळणारे माननीय कौन्सिलर यांस

विषय: घरासमोरील फुटपाथची कड वाहनासाठी उतरवून मिळण्याचा अर्ज नामंजूर केल्याबाबत

महोदय, महोदया,

आमच्या घरासमोरील फुटपाथची कड गाडी आत घेण्यासाठी उतरवून मिळावी, म्हणजे आपण ज्याला ड्रॉप्ड कर्ब म्हणता तो करून मिळावा, असा रीतसर अर्ज आम्ही आपल्या विभागाकडे केला होता. तो आपण एका छोट्या पत्राने नामंजूर केलात. त्या पत्रात दोन कारणे दिली आहेत: घराच्या दर्शनी भिंतीपासून फुटपाथपर्यंतचे अंतर आपल्या धोरणातील ४.८ मीटरपेक्षा कमी भरते, आणि कड उतरवल्यास रस्त्यावरची पार्किंगची एक जागा जाते. हा निर्णय मला मान्य नाही. त्याविषयी समोरासमोर बोलण्याची सोय आपल्या पद्धतीत कोठेच ठेवलेली नसल्यामुळे मी हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

या पत्राची इंग्रजी प्रत मी आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे दिली आहे. मराठीत ते प्रसिद्ध करण्याचे कारण असे की इंग्लंडमधील आपल्या हद्दीत अनेक मराठी कुटुंबांनी घरे घेतली आहेत आणि पुढेही घेतील. घरासमोरचे अंगण आपल्या मालकीचे आहे, तेव्हा कुंपण काढले, फरशी घातली की गाडी आत घेता येईल, असा त्यांपैकी अनेकांचा समज असतो. अंगण आपले असले तरी त्यापुढचा फुटपाथ हा सार्वजनिक रस्त्याचाच भाग असतो, आणि तो ओलांडून गाडी नेण्याचा रस्ता कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, हायवेज (रस्ते) विभागाच्या मंजुरीतून जातो, हे त्यांना घर घेण्यापूर्वीच कळावे. आपल्याही दृष्टीने ते हिताचे आहे.

आधी हा अर्ज आम्ही का केला ते सांगते. माझ्या पतींना पक्षाघाताचा झटका येऊन गेला आणि त्यांची डावी बाजू अधू झाली. घरात ते वॉकरच्या आधाराने चार पावले टाकतात, घराबाहेर त्यांना व्हीलचेअर लागते. त्यांच्याकडे ब्लू बॅज, म्हणजे अपंगांना पार्किंगची सवलत देणारा परवाना, आहे. गाडी मीच चालवते आणि मीही साठी ओलांडलेली आहे. आमचे घर १९३० च्या दशकातले, एका बाजूची भिंत शेजारच्या घराशी सामाईक असलेले आहे. ते बांधले तेव्हा या रस्त्यावर मोटारी फारशा नसणार, म्हणून घरापुढे जागा सोडली ती बागेपुरती. आज दुतर्फा गाड्या उभ्या असतात. घरासमोर जागा मिळाली नाही, आणि संध्याकाळनंतर ती बहुधा मिळत नाही, तर गाडी वळणापलीकडे किंवा समोरच्या बाजूला लावावी लागते. तेथून व्हीलचेअर ढकलत आणायची, तर रस्त्याच्या पातळीवरून फुटपाथवर चढायला उतरलेली कड फक्त कोपऱ्यावर आहे. मधल्या कोणत्याही ठिकाणी दहा ते बारा सेंटिमीटरची उभी कड आहे. माणूस बसलेली खुर्ची मागे कलती करून ती कड चढवणे माझ्या ताकदीपलीकडचे आहे. म्हणून मी खुर्ची रस्त्यावरून, चालत्या वाहनांच्या कडेने कोपऱ्यापर्यंत नेते. पावसाळी, काळोख्या हिवाळ्यात हे किती धोक्याचे असते ते आपल्या विभागाइतके कोणाला माहीत असणार?

गाडीतून उतरण्याचा प्रश्न वेगळाच आहे. ज्याची एक बाजू चालत नाही अशा माणसाला गाडीतून खुर्चीत घ्यायचे तर दार पूर्ण उघडावे लागते, खुर्ची सीटला तिरकी लावावी लागते आणि मदत करणाऱ्याला मध्ये उभे राहायला जागा लागते. दोन गाड्यांमध्ये अडकलेल्या गाडीशी, अरुंद फुटपाथवर, जाणाऱ्या-येणाऱ्यांना थांबवून हे करावे लागते. आमच्या अंगणात हेच काम सपाट जमिनीवर, कोणाचीही वाट न अडवता, रॅम्पच्या पायथ्याशी झाले असते.

आणि तो रॅम्प आपणच दिलेला आहे. आपल्याच कौन्सिलच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे जमावीत यासाठी काय सोयी लागतील ते ठरवणाऱ्या तज्ज्ञ, घरी आल्या, त्यांनी माझ्या पतींना उठताना, बसताना, चालताना पाहिले आणि अहवालात दोन गोष्टी लिहिल्या: दाराशी रॅम्प हवा आणि गाडी दाराजवळ उभी राहण्याची सोय हवी. अपंगांच्या घरात सोयी करण्यासाठी इंग्लंडमध्ये जे अनुदान आहे, ज्याची मर्यादा तीस हजार पौंड आहे, त्यातून पहिली गोष्ट झाली. रॅम्प उत्तम झाला आहे आणि ज्यांनी तो केला त्यांची मी मनापासून ऋणी आहे. दुसरी गोष्ट मात्र आपल्या विभागाच्या टेबलावर येऊन थांबली. एकाच कौन्सिलच्या एका खात्याने सार्वजनिक पैसा खर्च करून घरातून बाहेर पडण्याचा मार्ग बांधायचा आणि दुसऱ्या खात्याने तो मार्ग दहा सेंटिमीटरच्या कडेशी संपवायचा, हे मला समजत नाही. नामंजुरीच्या पत्रात त्या अहवालाचा उल्लेखसुद्धा नाही. तो अर्जासोबत जोडलेला होता.

आता आपल्या दोन कारणांविषयी.

४.८ मीटरचा नियम का आहे हे मी समजून घेतले आहे आणि त्यामागचे कारण मला पूर्ण मान्य आहे. अंगण उथळ असेल तर गाडीची मागची बाजू फुटपाथवर येते. मग पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या अंध व्यक्तीला, बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईला, आणि माझ्या पतींसारख्या खुर्चीतल्या माणसालाही, रस्त्यावर उतरून जावे लागते. जो त्रास आम्ही भोगतो तो दुसऱ्या कोणाला व्हावा असे आम्हाला कधीही वाटणार नाही. परंतु ४.८ मीटर ही प्रमाणित पार्किंगच्या खणाची लांबी आहे. तिच्यात मोठी गाडीही मावावी हा हिशेब आहे. आमच्या अंगणाची खोली ४.५ मीटर आहे आणि आमच्या लहान गाडीची लांबी ३.७ मीटर आहे. म्हणजे गाडी उभी केल्यावर ८० सेंटिमीटर जागा शिल्लक राहते. गाडीचा कोणताही भाग फुटपाथवर येत नाही. रॅम्प घराच्या बाजूने उतरतो आणि अंगणाची रुंदी भरपूर आहे, त्यामुळे दार पूर्ण उघडायला आणि खुर्ची लावायलाही अडचण नाही. नियम ज्या संकटासाठी केला ते संकट येथे उद्भवतच नाही.

यावर आपले उत्तर मला ठाऊक आहे, कारण दूरध्वनीवर ते मिळाले: उद्या तुम्ही मोठी गाडी घ्याल, परवा घर विकाल, तेव्हा काय? ही शंका रास्त आहे, पण तिच्यावर उपायही आहे. इंग्लंडमधल्या काही कौन्सिलांनी कमी खोलीच्या अंगणांसाठी वेगळी तरतूद ठेवली आहे. तेथे गाडीच्या लांबीवर मर्यादा घालून आणि गाडी फुटपाथवर येऊ देणार नाही असे लेखी हमीपत्र घेऊन मंजुरी दिली जाते. गाडी फुटपाथवर आल्यास रस्ता अडवल्याबद्दल कारवाई करण्याचे अधिकार कायद्याने आहेतच. असे हमीपत्र आम्ही आजच सही करून देऊ. आपण ते मागितले नाही. आपण घराकडे येऊन टेपही लावली नाही. अर्जासोबतच्या नकाशावरील आकडा आणि धोरणातला आकडा यांची तुलना झाली आणि निर्णय झाला.

दुसरे कारण, रस्त्यावरची पार्किंगची जागा जाण्याचे, मला त्याहून कमकुवत वाटते. आमची एकमेव गाडी आज याच रस्त्यावर उभी असते. ती अंगणात गेली की तिची जागा रस्त्यावर मोकळी होते. कड उतरवल्याने एक जागा जाते आणि गाडी आत गेल्याने एक जागा मिळते. शेजाऱ्यांच्या वाट्याचे काही हिरावले जात नाही. हा परवान्याने पार्किंग करण्याचा भागही नाही, त्यामुळे आखलेले खण पुसणे, वाहतुकीचा आदेश बदलणे, त्याची जाहीर सूचना काढणे यांपैकी काहीच येथे करावे लागत नाही. शिवाय १९८० च्या हायवेज ॲक्टमधील १८४ वे कलम, ज्याखाली असे अर्ज होतात, ते मी शब्दशः वाचले आहे. निर्णय घेताना फुटपाथचे नुकसान टाळणे, घरात सुरक्षितपणे जाता-येता येणे आणि रस्त्यावरील वाहतूक सुरळीत राहणे या गोष्टी विचारात घ्याव्यात असे ते सांगते. पार्किंगच्या जागांचा उल्लेख त्यात नाही. आपण तो विचार करूच नये असे मी म्हणत नाही, पण कायद्याने ज्यांची नावे घेतली त्या गोष्टींचा विचार आधी व्हायला हवा. सुरक्षितपणे जाता-येता येणे हे तर आमच्या अर्जाचे एकमेव कारण होते, आणि नेमक्या त्याविषयी आपल्या पत्रात एक शब्द नाही.

याच मुद्द्याला जोडून २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टची आठवण करून देणे मला भाग आहे. त्याच्या २० व्या कलमानुसार, एखाद्या नियमामुळे किंवा पद्धतीमुळे अपंग व्यक्तीची इतरांच्या तुलनेत मोठी गैरसोय होत असेल, तर ती टाळण्यासाठी वाजवी बदल करण्याचे कर्तव्य ठरते. आणि १४९ व्या कलमानुसार प्रत्येक सार्वजनिक संस्थेने आपले काम करताना अपंगांसह सर्वांच्या समान संधीचा जाणीवपूर्वक विचार करायचा असतो. वाजवी काय याबद्दल दोन मते असू शकतात. पण विचार झाला होता का, कोणी केला आणि त्यातून काय ठरले, हे विचारण्याचा हक्क आम्हाला आहे. ब्लू बॅजची प्रत, थेरपिस्टचा अहवाल, डॉक्टरांचे पत्र ही तिन्ही कागदपत्रे आपल्याकडे असताना, धडधाकट माणसाने तिसरी गाडी ठेवण्यासाठी केलेल्या अर्जाला जे उत्तर गेले असते तेच आम्हाला आले.

रस्त्यावर अपंगांसाठी राखीव खण आखून घ्या, असा पर्याय आपल्या कर्मचाऱ्यांनी सुचवला. तो सद्भावनेने सुचवला असेल, पण त्याने प्रश्न सुटत नाही. असा खण एखाद्या घराच्या नावाचा नसतो. ब्लू बॅज असलेल्या कोणालाही तेथे गाडी लावता येते, आणि लावता आलीच पाहिजे. खण आखला तरी खुर्चीला फुटपाथची कड चढायची ती चढायचीच. आणि ज्या रस्त्यावरची एक जागा वाचवण्यासाठी आमचा अर्ज नाकारला, त्याच रस्त्यावरची एक जागा या खणासाठी कायमची बाजूला काढावी लागेल, आमची गाडीही रस्त्यावरच राहील.

कार्यपद्धतीविषयीही मला बोलायचे आहे, कारण हा त्रास आमच्या एकट्याचा नाही. आमचा रस्ता ए, बी किंवा सी यांपैकी कोणत्याही वर्गात मोडत नाही. अशा रस्त्याला जोडणारी वाट करायला २०१५ च्या नियमावलीनुसार साधारणपणे वेगळी प्लॅनिंगची (बांधकाम व जमीनवापराची) परवानगी लागत नाही. तरीही आपल्या विभागाने प्लॅनिंगचा लेखी दाखला मागितला. प्लॅनिंग विभागाने सांगितले की परवानगी लागतच नाही, तर दाखला कशाचा देणार; हवा असेल तर वेगळे शुल्क भरून वेगळा अर्ज करा. एकाच इमारतीतल्या दोन विभागांनी एकमेकांना विचारून सोडवायचा हा प्रश्न आमच्या डोक्यावर राहिला. अर्ज करण्यापूर्वीच नाकारला जाणार हे नकाशावरून दिसत होते, असे नंतर सांगण्यात आले; मग शुल्क घेण्यापूर्वी ते का सांगितले नाही? ते शुल्क परत मिळत नाही. मंजुरी मिळालेल्यांचाही अनुभव वेगळ्या तऱ्हेने तसाच आहे. काम कौन्सिलच्याच ठेकेदाराकडून करून घ्यावे लागते, खर्चाचा आकडा मंजुरीनंतर कळतो आणि तो हजारो पौंडांत असला तरी त्यात खोदकामाचे किती, दगडांचे किती, देखरेखीचे किती हे लिहिलेले नसते. दिव्याचा खांब किंवा पाण्याचे, टेलिफोनचे झाकण मध्ये आले तर ते हलवण्याचा खर्च निराळा. कुटुंबाने तरतूद करायची ती कशाच्या आधारावर?

सर्वांत खटकते ते हे की या निर्णयावर दाद मागायला जागा नाही. प्लॅनिंगची परवानगी नाकारली तर प्लॅनिंग इन्स्पेक्टरेट या कौन्सिलबाहेरच्या सरकारी संस्थेकडे अपील करता येते. कड उतरवण्याची परवानगी नाकारली तर तसे अपील नाही. उरते ती कौन्सिलचीच तक्रारीची पायरी, मग लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन, म्हणजे कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र यंत्रणा, किंवा खर्च परवडत असेल तर न्यायालय. ओम्बड्समन निर्णय घेण्याची रीत तपासतात. तुमच्या निर्णयाच्या जागी स्वतःचा निर्णय बसवत नाहीत. त्यामुळे जो अधिकारी पहिल्यांदा कागद हातात घेतो त्याचेच मत जवळजवळ अखेरचे ठरते. ज्या निर्णयावर अपील नाही तो निर्णय अधिक काळजीने, अधिक सविस्तर कारणांनी आणि जागा पाहून घेतला गेला पाहिजे. येथे नेमके उलट घडते.

या सगळ्याचा परिणाम रस्त्यावर दिसतो. परवानगी न घेता उभ्या कडेवरून गाडी चढवून अंगणात नेणारे लोक कमी नाहीत. फुटपाथवरून गाडी चालवणे १८३५ च्या हायवे ॲक्टपासून गुन्हा आहे, आणि तसे नेहमी करणाऱ्यांना नोटीस देऊन रीतसर काम करायला लावण्याचा अधिकार १८४ व्या कलमातच आहे. त्या लोकांवर कारवाई करा असे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांच्यापैकी काहींच्या घरी आमच्यासारखीच अडचण असेल. पण त्या गाड्यांखाली फुटपाथच्या लाद्या फुटतात, खालच्या पाण्याच्या आणि गॅसच्या नळांना धोका पोचतो, आणि फुटलेल्या लाद्यांवरून पहिल्यांदा अडखळतात ते वृद्ध आणि अपंग. ज्यांनी विचारले त्यांना नकार आणि ज्यांनी विचारलेच नाही त्यांना काही नाही, अशी स्थिती राहिली तर विचारणारे कमी होत जातील. आम्ही कडेवरून गाडी चढवलेली नाही आणि चढवणार नाही.

बागेविषयी एक खुलासा करते, कारण ती काळजी मलाही आहे. २००७ च्या उन्हाळ्यातील पुरानंतर, १ ऑक्टोबर २००८ पासून, इंग्लंडमध्ये घरापुढे पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न जिरणारी फरशी घालायची तर, ते पाणी आपल्याच जमिनीत जिरण्याची सोय नसल्यास, परवानगी लागते. आमच्या आराखड्यात गाडीच्या जागेवर पाणी झिरपू देणारे ठोकळे आहेत आणि उरलेल्या भागात माती तशीच राहते. माझ्या पतींनी लावलेले गुलाब आणि कढीपत्त्याच्या कुंडीची उन्हाळ्यातली जागा त्या भागात आहे, तेव्हा ती राखण्याची आम्हाला आपल्यापेक्षा जास्त निकड आहे. पावसाचे थेंबभर पाणीही फुटपाथवर येणार नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. आमच्या अर्जाचा फेरविचार करावा. तो पहिल्या निर्णयात सहभागी नसलेल्या अधिकाऱ्याने, प्रत्यक्ष घरी येऊन, थेरपिस्टच्या अहवालासह करावा. गाडीच्या लांबीची मर्यादा आणि हमीपत्र या अटी आम्हाला मान्य आहेत. माझ्या पतींना या सोयीची गरज राहिली नाही किंवा आम्ही घर सोडले तर मंजुरी पुन्हा तपासली जावी अशी अट घातली, तरी आमची हरकत नाही.

२. फेरविचारानंतरही नकार द्यायचा असेल, तर १८४ व्या कलमातील प्रत्येक बाबीवर आणि इक्वॅलिटी ॲक्टखालील कर्तव्यावर आपण काय विचार केला ते लेखी कळवावे.

३. ब्लू बॅजधारक आणि थेरपिस्टची शिफारस असलेल्या कुटुंबांसाठी धोरणात स्पष्ट अपवाद लिहावा आणि तो अर्जाच्या पहिल्याच पानावर छापावा. असा अर्ज आला की हायवेज विभागाने समाजसेवा विभागाशी स्वतःहून संपर्क करावा. खात्याखात्यांमधला निरोप्या होण्याचे काम आजारी माणसाच्या घरच्यांकडे देऊ नये.

४. शुल्क घेण्यापूर्वी नकाशा आणि मोजमापे पाहून प्राथमिक उत्तर मोफत द्यावे. जागा न पाहता अर्ज नाकारला असेल तर शुल्क परत करावे.

५. खर्चाचा अंदाज बाबवार द्यावा, आणि रस्त्याच्या कामासाठी पात्र ठरवलेल्या ठेकेदारांची यादी करून त्यांतून निवडण्याची मुभा अर्जदाराला द्यावी.

६. निर्णयाला मुदत असावी, आणि नकारावर विभागाबाहेरच्या अधिकाऱ्याकडे एकदा दाद मागण्याची पायरी आपल्या धोरणात आणावी. कायदा ती पायरी देत नाही. कौन्सिलने ती स्वतःहून द्यायला कायद्याची हरकतही नाही.

निवडून आलेल्या कौन्सिलरांना माझी वेगळी विनंती आहे. पहिल्या दोन मागण्या अधिकाऱ्यांच्या हातातल्या आहेत, उरलेल्या चार आपल्या. धोरण आपण मंजूर करता. पुढच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्यावा आणि त्याआधी आपल्यापैकी कोणीतरी आमच्या रस्त्यावर संध्याकाळी येऊन, रिकामी का होईना, एक व्हीलचेअर वळणापासून आमच्या दारापर्यंत ढकलून पाहावी. खुर्ची मी देईन.

लेखी उत्तराची वाट पाहत आहे. ते आल्यावर, मंजुरीचे असो वा नकाराचे, हे पत्र वाचणाऱ्या कुटुंबांच्या माहितीसाठी मी तेही प्रसिद्ध करीन.

आपली विश्वासू,
आपल्या हद्दीतील एक रहिवासी आणि करदाती